चुडाव्यात अडकलेली पेटी

माणिकराव मास्तरांना सेलूच्या एस.टी. स्टँडवरचा पार्सलवाला पार वैतागला होता. मास्तर शाळेत जाताना विचारणार, "पेटी आली का?" शाळेतून परतताना विचारणार, "पेटी आली का?" मधल्या सुट्टीत सायकल हाणत यायचं आणि पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, "मास्तर, पेटीत काय नोटा हायत का? आली की मी सोता डोक्यावर घिऊन येतो, पन तुमी येऊ नका."

नोटा असत्या तर मास्तर इतके कासावीस झाले नसते. पेटीत त्यांची आई होती.

आई म्हणजे आईचा फोटो, आणि तोही जगातला एकमेव. तो पेटीत कसा गेला हे सांगायचं तर आधी पेटीचं सांगायला हवं. परभणीचे अण्णासाहेब हे कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. त्यांना कॅमेऱ्याचं वेड. आपल्यासारखे वेडे जिल्ह्यात आणखी असतीलच म्हणून ओळखीपाळखीतून त्यांनी सात जणांचं एक 'छाया मंडळ' उभं केलं. मंडळाची बैठक कधी झाली नाही, कुणी कुणाला समोरासमोर भेटलं नाही. सगळा कारभार एका पत्र्याच्या पेटीचा. ती एस.टी.ने नाहीतर रेल्वेने एका सभासदाकडून दुसऱ्याकडे फिरायची. आली की आपला जुना फोटो काढून घ्यायचा, नवा घालायचा, बाकीच्यांच्या फोटोंमागे पेन्सिलीने आपलं मत लिहायचं आणि पेटी पुढे धाडायची. मागे काय हवं ते लिहा, पण दुसऱ्याच्या फोटोला पुढून बोट लावायचं नाही, एवढाच एक कडक नियम.

सेलूला चित्रकला शिकवणाऱ्या माणिकरावांना या पेटीने जगण्याला चव आणली होती. इतर सभासद त्यांना न भेटताही कळले होते. पाथरीचे डॉक्टर फोटो हलवतात, जिंतूरचे वकील सगळ्यांना 'अप्रतिम' म्हणतात. कळत नव्हता तो एकच माणूस, चुडाव्याचे किशनराव.

पहिल्या फेरीत ओळख म्हणून प्रत्येकाने स्वतःचा फोटो घालायचा होता. किशनरावांनी स्टुलावर ठेवलेल्या कॅमेऱ्याचा फोटो घातला. पुढे दर फेरीला त्यांचा फोटो यायचा, पण त्यात माणूस औषधालासुद्धा नसायचा. रिकामं बाकडं, रिकामी बैलगाडी, उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या वहाणा. आणि मत म्हणाल तर दोन शब्दांच्या वर खर्च नाही. मास्तरांनी एका पडक्या बारवेच्या पायऱ्यांचा फोटो उन्हात दोन दिवस घालवून काढला, त्यामागे लिहून आलं, 'दगड चांगले'. मास्तरांना दोन रात्री झोप लागली नाही. त्यांच्या मनात किशनराव म्हणजे कुणी उंच, गोरा, थंड डोळ्यांचा रेल्वेतला अधिकारी झाला होता, जो सगळ्या जगाकडे नाक वर करून बघतो. मागच्या फेरीला त्यांनीही उट्टं काढलं. किशनरावांच्या रिकाम्या झोक्यामागे लिहिलं, 'आपल्याला जिवंत माणसांचं वावडं आहे काय?'

लिहून टाकलं आणि तेव्हापासून जिवाला घोर लागला. माणूस रागावला असेल का? मुळात त्याला राग येतो का? आणि त्याच्या तोंडून एकदा 'वा' निघेल असं आपल्याकडे काय आहे?

होतं. एकच होतं.

मास्तरांची आई धुरपताबाई. सत्तरी कधीच ओलांडलेली, अंगाने काटक, जिभेने त्याहून काटक. लहानपणी देवी येऊन गेल्यापासून तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. त्या बाजूचा पदर पुढे ओढून घ्यायची तिची सवय घरात इतकी अंगवळणी पडली होती, की ती कुणाला दिसतसुद्धा नव्हती. मुलगा गावभर फोटो काढत हिंडायचा आणि आई त्याला घरात कॅमेरा उघडू द्यायची नाही. "फोटो काढला की आयुष्य कमी व्हतंय," म्हणायची. "तुह्या बापाचा काढला, अन् वर्सात गेला." बाप काविळीने गेला होता, पण तिच्यापुढे ते बोलणार कोण!

एका उन्हाळ्यात दुपारी ती सारवलेल्या गार भुईवर घोंगडं टाकून झोपली होती. उशाशी तांब्या, हात छातीवर, आणि झरोक्यातून आलेला उन्हाचा पट्टा बरोबर चेहऱ्यावर. मास्तरांनी चोरपावलांनी जाऊन एकच फोटो टिपला. असा उतरला की त्यांना स्वतःचाच हेवा वाटला. पुढे पावसाळ्यात निगेटिव्हच्या डब्यात ओल शिरून सगळ्या एकमेकींना चिकटल्या. उरली ती एक प्रत. शहाण्या माणसाने ती ट्रंकेच्या तळाशी ठेवली असती. मास्तरांनी ती पेटीत घातली, चुडाव्याच्या एका 'वा'साठी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं?

पेटी गेली ती गेलीच. आधी वाटलं, नामांतराच्या बंदात गाड्या अडल्या असतील. बंद उठला, गाड्या धावायला लागल्या, पेटी नाही. अण्णासाहेबांचं कार्ड आलं की पेटी चुडाव्याला पोचल्याचं कळतं, पुढचं कळत नाही. मास्तरांनी किशनरावांना कार्ड टाकलं, मग आणखी एक टाकलं. उत्तर नाही. मनात पाल चुकचुकली. त्या झोक्यामागच्या वाक्याचा हा सूड तर नाही?

अशातच धुरपताबाई न्हाणीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नव्हतं, पण तिने जे अंथरूण धरलं ते सोडेना. खाणं तुटलं. हाक मारली तर 'हूं' म्हणायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. पै-पाहुणे येऊन बघून जायला लागले, तेव्हा मास्तरांची बायको कावेरी एकदा भाकरी थापता थापता म्हणालीच, "आत्याबाईचा एक फोटो न्हाई घरात. उद्या काही इकडचं तिकडं झालं तर लेकरायला आजी कशी व्हती ते दाखवायचं कशावरून? एक व्हता, तोबी तुमच्या हौशीपायी गावोगाव हिंडायलाय."

मास्तर उठले. शाळेत रजेची चिठ्ठी धाडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसले.

गाडी जिथे तिथे रेंगाळत होती. पूर्णेला तर इंजिन जे पाणी प्यायला गेलं ते परत येईना. मास्तर उतरत होते, चढत होते, फलाटावर येरझारा घालत होते. किशनरावांना काय बोलायचं याची मनात उजळणी चालली होती. आधी नमस्कार, मग नियमाची आठवण, आणि तरी ऐकलं नाही तर दोन शेलके शब्द.

चुडाव्याला उतरल्यावर स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याला त्यांनी विचारलं, "किशनराव फोटोवाले कुठं राहतात?"

चहावाल्याने गाळणं खाली ठेवलं. आवाज उतरवला. "कोन गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"तसं न्हाई, जवळचं व्हतं का कुनी?" आणि त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

पुढे पारावर एकाला विचारलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि एक शब्द न बोलता मास्तरांना दारापर्यंत पोचवून दिलं. दारात किशनरावांची बायको सगुणाबाई होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, मास्तरांच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बसा दादा. रडू आलं तर रडून घ्या. ते येतेलच इतक्यात."

गावच वेडं आहे की काय! मास्तर बसले आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. भिंतभर फोटो होते. म्हातारे, म्हाताऱ्या, एक पागोटेवाले पाटील, एक बाळ. सगळे एकटक त्यांच्याकडेच बघत होते. एकाचीही पापणी जरादेखील झुकलेली नव्हती. मास्तरांनी जागा बदलून बघितली, तरी तेच.

तेवढ्यात किशनराव आले. उंच नाही, गोरे नाहीत, अधिकारी तर नाहीतच. बुटका, सुकलेला माणूस, मळकं धोतर, जाड भिंगांचा चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. मास्तरांनी नाव सांगताच त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ठरवलेले शेलके शब्द मास्तरांच्या घशातच राहिले.

"मास्तर, तुमी कामून तकलीफ केली? तेरावा उरकला असंल असं वाटलं की मीच पेटी धाडनार व्हतो. सुतकात कशी धाडावी? तुमच्या कार्डायला जवाब तरी काय लिहावा?"

"कसला तेरावा?"

"आईचा तुमच्या."

किशनरावांनी कोनाड्यातून पेटी काढली, उघडली, आणि आईचा फोटो दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, मास्तरांपुढे धरला.

आई डोळे उघडून बघत होती.

तेच घोंगडं, तोच तांब्या, तोच उन्हाचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात दोन टपोरे, शांत, जागे डोळे. ब्रशाचा एक फटकारासुद्धा ओळखू येत नव्हता. मास्तरांना ते डोळे कुठेतरी बघितल्यासारखे वाटले आणि मग कळलं. दाढी करताना रोज आरशात दिसतात, ते.

"तुम्ही... फोटोला हात लावलात?" मास्तरांनी विचारलं.

"लावला. नियम मोडला, माहीत हाय मला." किशनराव खाली बघत बोलायला लागले. "आमच्याकडं खेड्यापाड्यात जित्तेपनी फोटो कोन काढतंय, मास्तर? मानूस गेलं की लोकायला माझी आठवन येते. मी जातो, मयताचा फोटो काढतो, अन् डोळे उघडून देतो. मिटल्या डोळ्याचं मानूस कुनाला भिंतीवर बघवत न्हाई. तुमची पेटी आली. बघतो तर माय भुईवर घेतलेली, उशाला पान्याचा तांब्या, हात छातीवर. मी मनलं, मास्तरावर घाला पडला. काही लिहिलं न्हाई, सांगितलं न्हाई, नुसता फोटो धाडला. त्याच्यामागं मी काय लिहावं? ज्याची माय गेली त्याला 'उजेड चांगला' मनू का? मला येतंय ते एकच काम. तेच केलं."

"आणि हे डोळे?"

"लेकराला समोर बसवतो अन् त्याचे बघून मायचे काढतो. डोळे घरातच फिरतेत. तुमी समोर न्हवतात, पन पयल्या फेरीतला तुमचा फोटो ध्यानात व्हता. डोळा एकदा बघितला की मी इसरत न्हाई."

मास्तरांना एकाच वेळी ओरडावंसं आणि रडावंसं वाटलं. ज्याच्या एका 'वा'साठी त्यांनी हा उपद्व्याप केला, त्याने 'वा'पेक्षा कितीतरी मोठी गोष्ट केली होती आणि तिने त्यांचा एकुलता एक फोटो नासला होता. शेवटी ते ओरडलेच, "किशनराव, माझी आई जिवंत आहे! ती झोपली होती हो, दुपारची झोपली होती!"

किशनरावांनी फोटो परत आपल्या हातात घेतला आणि खाली बसून निरखला. दारातल्या सगुणाबाईच्या हातून तांब्या पडला.

"जित्त्या मानसाचे डोळे उघडले मी?" ते पुटपुटले. "हे पाप आजवर कवा केलं न्हवतं. बरी हाय ना माय? चालती-फिरती हाय ना?"

खोटं बोलायला हवं होतं, पण मास्तरांना सुचलं नाही. "पडलीय. अंथरुणावर आहे. तुम्ही हे... केव्हा काढलंत?"

"एकादशी सोडली, अन् त्याच दिवशी बसलो."

माणिकराव शिकलेला माणूस. असल्या गोष्टींना ते वर्गात पोरांसमोर हसायचे. तरी त्यांनी मनातल्या मनात हिशेब घातला. आई न्हाणीत पडली तीही त्याच बारशीला, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. त्यांनी ते तोंडातून काढलं नाही, पण किशनरावांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. डोळे वाचणं हाच तर त्या माणसाचा धंदा होता.

"मला त्यायला बघायचंय," किशनराव उठून उभे राहिले. "आत्ताच्या आत्ता. जित्ती हाय तवर."

परतीच्या गाडीत दोघे समोरासमोर बसले, पण बसले म्हणणं चूक आहे. एक उठला की दुसरा बसायचा. किशनरावांच्या मांडीवर ब्रश-रंगांची पिशवी, छातीशी फोटो. शेवटी मास्तरांनीच विचारलं, "तुमच्या फोटोत माणूस का नसतो हो?"

"दिसभर मानसंच बघतो, अन् कसली ते तुमी ऐकलं. माझ्या स्वतःच्या रोलवर तरी कुनी गेलेलं नसावं, एवढंच." मग ते म्हणाले, "तुमी ते वावडं लिहिलं ना, ते खरं हाय. जित्तं मानूस समोर बसलं की माझा हात कापतो. ते हलतंय, बोलतंय, मनतंय मी असा न्हाई दिसत."

मास्तरांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. त्यांना त्या पेन्सिलीच्या वाक्याची लाज वाटत होती.

मिरखेल मागे पडल्यावर किशनरावांनी विचारलं, "कसे हायत डोळे आईचे? बराबर आलेत का?"

"आले आहेत तसे. फक्त डाव्या डोळ्यात तिच्या फूल आहे. देवी आल्या होत्या लहानपणी..." मास्तर बोलता बोलता थांबले. तो पुढे ओढलेला पदर आता त्यांना पहिल्यांदा दिसला. आयुष्य कमी होतंय म्हणे! इतकी वर्षं त्यांनी आईच्या अंधश्रद्धेला नावं ठेवली आणि तिला खरं कारण एकदा विचारलं नाही.

किशनरावांनाही ते कळलं होतं. "मंजी मी मायची थट्टा केली. आधी मारली, वर थट्टा केली." त्यांनी पिशवीतून ब्रश काढला, टोक जिभेवर ओलं केलं. "आत्ता फूल काढतो. त्यायनं बघायच्या आधी."

"अहो, गाडी हलतेय!" मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. "होता तेवढा डोळाही जाईल!" परभणी येईपर्यंत दोघांची ही झटापट चालली होती, आणि समोरच्या बाकावरचं बिऱ्हाड घाबरून दुसऱ्या डब्यात गेलं.

सेलूला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. घराच्या वळणावर येताच मास्तर थांबले. ओट्यापुढे चपलांचा ढीग होता. आतून बायकांचे आवाज येत होते. किशनरावांनी वहाणा काढल्या आणि पिशवी मास्तरांच्या हातात दिली. "मी इथूनच माघारी जातो," ते म्हणाले. "मला आत यायला तोंड न्हाई."

तेवढ्यात शेजारची दगडाबाई बाहेर आली. "माणिक, आलास व्हय? सकाळी म्हातारीनं डोळे फिरवले, आमी समद्या धावून आलो. अन् आता उठून बसलीय, शिरा मागायलीय. तूप कमी हाय मनून कावेरीला बोलायलीय!"

मास्तरांनी किशनरावांचा दंड धरला आणि त्यांना ओढतच आत नेलं.

धुरपताबाई भिंतीला टेकून बसली होती. खोल गेलेले गाल, विस्कटलेले पांढरे केस. परका माणूस दिसताच हात आपोआप पदराकडे गेला आणि पदर डाव्या बाजूने पुढे आला. "कोन हाय रं हे? अन् हातात काय दडवायलेत?"

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली, पण म्हातारीने हात पुढे केला तो मागे घेईना. शेवटी किशनरावांनी फोटो तिच्या हातात दिला आणि तिच्या पायाशी बसले.

तिने फोटो कंदिलाकडे धरला. उजव्या डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. तिचा अंगठा फोटोतल्या चेहऱ्यावरून फिरत फिरत डाव्या डोळ्यापाशी आला आणि तिथेच थांबला.

"माणिक," ती हळू आवाजात म्हणाली, "मी असी दिसले असते व्हय रं?"

मास्तरांनी कंदील तिच्या आणखी जवळ सरकवला.

"माय, चुकलं माझं," किशनराव घाईघाईने म्हणाले. "जसं हाय तसं करून देतो. फूल काढतो आत्ता. ब्रश आनलाय."

"काहाला?" म्हातारी एकदम फणकारली. "जलमभर तेच बघितलं लोकायनं. ऱ्हाऊ दे की हे." तिने फोटो छातीशी घेतला. पदर डोक्यावरून मागे सरकला होता. तिने तो ओढला नाही, तशीच उघड्या चेहऱ्याने किशनरावांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डोळे झ्याक केलेस बाबा. पन केस तेवढे पांढरेच कामून ठिवलेस?"

बायकांत हशा पिकला. कावेरी पदर तोंडाला लावून हसत होती, मास्तर हसता हसता डोळे पुसत होते. किशनराव मात्र हसले नाहीत. त्यांनी कानाचा दोरा सोडून चष्मा काढला आणि गुडघ्यात डोकं घातलं. आजवर त्यांनी कितीतरी डोळे उघडले होते, पण फोटो कसा आला हे फोटोतल्याच माणसाने सांगितलेलं ते पहिल्यांदाच ऐकत होते.